पोट खरंच दुखतं त्याचं

ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. मोठा मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. धाकटी मुलगी ६ वर्षांची. जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली, तो जेमतेम महिनाभर रडतकढत गेला. रोज सकाळी पोट दुखायचं, कधी उलटी व्हायची. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. रविवारी काही दुखत नाही. आता पाच आठवडे झाले, शाळा पूर्ण बंद आहे. यांचं म्हणणं, ‘नाटकं करून राह्यला तो, दोन लावल्या की जाईल.’ दोनदा हात उचललाही, काही फरक पडला नाही. सासूबाईंना बाहेरचं काही वाटतं. त्यांनी दृष्ट काढली, एकाकडे दाखवूनही आणलं. मी मागच्या वर्षीपासून नोकरी करते, दुपारी घरी मी नसते. माझंच चुकलं का, असं सारखं मनात येतं.

तसा तो गुणी आहे हो. तान्ह्या पोळ्याला बहिणीचा लाकडी नंदी त्यानंच सजवून दिला, दोघं हसत होते. अभ्यासात हुशार. फक्त अक्षराच्या बाबतीत फार काटेकोर, खोडून खोडून लिहितो, त्यामुळे वर्गात मागे पडतो. स्वच्छतेची आवड आहे, आंघोळीला तास लागतो. देवाचंही मनापासून करतो. मागे टेकडी गणपतीला गेलो तर प्रदक्षिणा घालतच राहिला, मोजणी चुकली म्हणाला. रात्री झोपताना मात्र दहादा विचारतो, ‘आई, तुला काही होणार नाही ना?’ मी ‘नाही रे बाळा’ म्हटल्याशिवाय झोपत नाही. सोबत त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवते, अक्षर किती सुंदर आहे बघा. हा हट्ट आहे की आजार? आणि मानसोपचारवाल्यांकडे नेलं तर पोराच्या कपाळी कायमचा शिक्का बसेल का?

– एक आई, नागपूर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. अक्षर खरंच मोत्यासारखं आहे. पण पानाच्या मधोमध, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये, एक भोक आहे. त्याच्या कडेला खोडरबराने निघालेला कागदाचा भुसा तसाच चिकटलेला आहे. ‘परिणाम’ हा शब्द तिथे लिहिला असावा, कारण ‘प’ आणि अर्धवट ‘रि’ शिल्लक आहेत. एक शब्द मनासारखा येईना म्हणून कागद फाटेपर्यंत खोडत बसलेलं तुमचं लेकरू मला त्या भोकातून दिसलं. या पत्राचं उत्तर मी तिथून सुरू करणार आहे.

त्याआधी पोटाचं सांगते, कारण घरात सगळं भांडण त्यावरून चाललंय. पोट खरंच दुखतं त्याचं. भीती वाटली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, आतड्यांकडचं रक्त हातापायांकडे वळतं, पोटाच्या हालचाली बिघडतात. मळमळ होते, कळ येते, उलटीही होते. हे सोनोग्राफीत दिसत नाही, कारण पोटाचा कुठलाच अवयव बिघडलेला नसतो. आणि रविवारी दुखत नाही, कारण ज्याची भीती आहे ते रविवारी समोर नसतं. ‘रविवारी बरा असतो म्हणजे नाटक’ हा तुमच्या यजमानांचा तर्क सरळ वाटतो खरा, पण त्याच गोष्टीचा अर्थ नेमका उलटा आहे.

आता भीती कशाची? तुमच्या पत्रात जी वाक्यं तुम्ही त्याचं कौतुक म्हणून लिहिलीत, ती मला सगळ्यात जास्त बोलकी वाटली. खोडून खोडून लिहिणं. तासभर आंघोळ. चुकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा. रात्री एकच प्रश्न दहादा. ही चार वेगवेगळी लक्षणं वाटतात, पण बहुधा एकाच गोष्टीची चार तोंडं आहेत. आपल्याकडे तिला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतील. पत्रावरून मी निदान करत नाही, तसं कुणीच करू नये. पण माझ्यासमोर हा मुलगा बसला असता तर मी सगळ्यात आधी याचीच चौकशी केली असती.

मंत्रचळात होतं काय, तर मनात एक नको असलेला विचार घुसतो आणि जाता जात नाही. आईला अपघात होईल. हाताला काहीतरी लागलंय. हे अक्षर वाकडं राहिलं तर काहीतरी वाईट घडेल. विचार वेडगळ आहे हे मुलाला बऱ्याचदा कळतंही, तरी तो छातीवर बसतो. मग तो घालवायला मूल काहीतरी करतं: धुतं, मोजतं, खोडतं, विचारतं. केलं की दोन मिनिटं बरं वाटतं. त्या दोन मिनिटांच्या बऱ्या वाटण्यातूनच मेंदू शिकतो की हे केलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरात मागतो. असं करत रोजचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ यात जायला लागला, किंवा शाळा, झोप, मैत्री अडायला लागली, की ती सवय राहत नाही, आजार होतो. हा आजार बऱ्याचदा लहानपणीच डोकं वर काढतो. नऊ-दहा ते बारा-तेरा हे वय त्यासाठी नेहमीचं आहे.

आपल्या घरांत तो उशिरा ओळखू येतो, याचं एक कारण मला फार टोचतं. सोवळंओवळं, पूजा, टापटीप, सुंदर अक्षर या सगळ्याला आपल्याकडे मान आहे. त्यामुळे मूल आतून जळत असतं आणि बाहेरून शाबासकी मिळत असते. टेकडीच्या देवळात गर्दी, मागून माणसं ढकलतायत आणि हा पोरगा पुन्हा पहिल्यापासून मोजतोय, ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. भक्ती करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर काय असतं आणि सुटका मागणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर काय असतं, हे तुम्ही आई आहात, तुम्हाला आठवलं तर ओळखता येईल.

शाळा का सुटली, हेही आता थोडं उलगडतं. घरी खोडायला रात्र मोकळी असते. शाळेत बाई फळा पुसतात. आठवीत लिखाण वाढलंय, चाचणीत घड्याळ लावलेलं असतं, शाळेचं बाथरूम जसं असतं तसं असतं आणि दिवसभर आई नजरेसमोर नसते. ज्याला आईची खुशाली दर थोड्या वेळानं तपासावीशी वाटते, त्याला सहा तास शाळेत बसणं म्हणजे काय असेल!

तरी मी घाई करणार नाही. शाळा टाळण्यामागे दुसरीही कारणं असतात आणि ती डॉक्टरांनी तपासायला हवीत. कुणी मुलं त्याला त्रास देतायत का? कुणी मोठं माणूस, शाळेत, शिकवणीत किंवा येण्याजाण्याच्या गाडीत, त्याच्याशी वाईट वागलंय का? कुणा शिक्षकांचा मार खाल्लाय का? (शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं मुलांना शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी आहे, हे लक्षात असू द्या.) वाचन-लेखनाची मूळचीच अडचण, म्हणजे लर्निंग डिसेबिलिटी, असेल तर ती साधारण पहिली-दुसरीपासून दिसते. तो हुशार आहे आणि अक्षर उत्तम आहे म्हटल्यावर ती शक्यता कमी वाटते, पण नसेलच असंही नाही. नैराश्याचं म्हणाल तर मुलांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. दोन आठवडे सलग कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर त्याचा विचार करतात. नंदी सजवताना तो हसला, हे वाचून मला या बाबतीत थोडा धीर आला. पण मंत्रचळाच्या पाठोपाठ नैराश्य येऊ शकतं, म्हणून नजर ठेवा.

आता रात्रीच्या त्या प्रश्नाकडे येते. ‘तुला काही होणार नाही ना?’ ‘नाही रे बाळा.’ यात तुमचं चुकलं असं नाही, कुठलीही आई हेच म्हणेल. पण ताई, तुमचं ते उत्तर आता त्याच्या खोडरबरासारखं झालंय. क्षणभर पुसलं जातं आणि पुन्हा उमटतं. म्हणूनच दहादा लागतं. घरातली सगळी माणसं नकळत या आजाराची चाकरी करायला लागतात: कुणी उत्तर देतं, कुणी पाणी तापवून ठेवतं, कुणी त्याच्यासाठी दार पुन्हा लावून बघतं. हे एका झटक्यात बंद करू नका, त्याला पोरकं वाटेल. दिवसा, शांतपणे, त्याच्याशी बोला. ‘मला वाटतं तुझ्या डोक्यात एक चिंतेचा किडा आहे, तो तुला हा प्रश्न विचारायला लावतो. तू वाईट नाहीस आणि वेडाही नाहीस. आपण दोघं मिळून त्याला हळूहळू उपाशी ठेवू.’ मग रात्री एकदा उत्तर द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर जवळ घ्या आणि म्हणा, ‘हे तू नाही विचारत, किडा विचारतोय. मी इथेच बसते.’ उत्तर देऊ नका, पण उठूनही जाऊ नका. पहिल्या काही रात्री रडारड होईल. जास्तच घाबरला तर ताणू नका, डॉक्टरांची भेट होईपर्यंत दहाचं आठवर आणलंत तरी पुष्कळ झालं.

उपचारही याच वाटेनं जातात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी झालेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, पण बोलण्याचे आणि सरावाचे उपचार करतात. तुमच्या मुलाला दोघांची गरज पडू शकते. ज्या उपचाराचा मंत्रचळात सगळ्यात चांगला अनुभव आहे त्यात मुलाला त्याच्या भीतीची पायरी-पायरीनं शिडी करायला लावतात. पहिली पायरी अशी असू शकते: एक अक्षर मुद्दाम वाकडं काढायचं आणि खोडायचं नाही. भीती शून्य ते दहा या मापावर कितीवर गेली ते सांगायचं आणि नुसतं बसून राहायचं. आधी आठवर जाते, मग सहा, मग चार. काही वाईट न घडता ती आपोआप उतरते, हे मुलाचं शरीर स्वतः शिकतं. समजावून सांगून हे शिकवता येत नाही, म्हणूनच ‘अरे काही होत नाही’ असं आपण हजारदा सांगूनही फरक पडत नाही.

त्रास जास्त असला तर डॉक्टर औषध सुचवतील. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवॉक्सामिन ही नावं ऐकू येतील. मुलांच्या मंत्रचळात ती जगभर वापरली जातात. त्यांची चटक लागत नाही. गुण यायला आठ-दहा, कधी बारा आठवडे लागतात, त्यामुळे तीन आठवड्यांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडून देऊ नका आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं एकदम थांबवू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, झोपेत बदल, अस्वस्थता होऊ शकते. या वयात औषध सुरू झाल्यावर मनात मरणाचे विचार येतात का यावर विशेष लक्ष ठेवायचं असतं, डॉक्टरांना तसं आधीच विचारून ठेवा.

जायचं कुठे? नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं. प्रादेशिक मनोरुग्णालयाचीही ओपीडी आहे. मला ठाऊक आहे, त्या चौकाला गाव अजून पागलखाना चौकच म्हणतं आणि आपण सगळे ‘पागलखान्यात टाकीन’ या धाकावर मोठे झालो. तुमच्या मनातला शिक्का तिथूनच आलाय. मुलाला बाहेरच्या ओपीडीत दाखवून माणसं दुपारी घरी येतात, मोतीबिंदूला दाखवून येतात तशी. पैसे असतील तर खासगी डॉक्टरही आहेत, मुलांचं काम करणारे कोण हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. कायद्यानंही तुमच्या बाजूनं दार उघडं ठेवलंय: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती गुप्त राखणं हा रुग्णाचा हक्क आहे. शाळेला किती सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. एकट्या पडलात असंही समजू नका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार. त्या वर्गातल्या आणखी तिघांच्या आया कदाचित तुमच्यासारख्याच रात्री जाग्या असतील.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

शाळेचं मात्र डॉक्टरांची वाट न पाहता सुरू करा, कारण घरी राहण्याचा प्रत्येक दिवस परत जाणं अवघड करतो. वर्गशिक्षकांना भेटा. पहिल्या आठवड्यात फक्त फाटकापर्यंत जाऊन यायचं. मग एक तास, त्याच्या आवडत्या विषयाचा. मग मधल्या सुट्टीपर्यंत. शुद्धलेखन, नीटनेटकेपणा यांचे गुण थोडे दिवस बाजूला ठेवता येतील का ते विचारा, पेनानं लिहू द्यावं का तेही विचारा. पेनाचं खोडता येत नाही, काही मुलांना ते सोपं जातं, काहींना अवघड, म्हणून त्यालाच विचारून ठरवा. घरी असेल त्या वेळात मोबाइल आणि टीव्ही बंद, जेवण-अभ्यास वेळेवर. हे शिक्षा म्हणून करायचं नाही, घर शाळेपेक्षा गोड होऊ नये एवढ्यासाठी करायचं. मात्र शाळेत कुणी त्याला छळत असेल असं कळलं, तर आधी ते मिटवा. तोवर परत पाठवण्याची घाई नको.

तुमच्या यजमानांसाठी एक निरोप. भाऊ, नाटक करणाऱ्याला प्रेक्षक लागतो. तुमचा मुलगा लपवतोय, बाथरूमचं दार लावून धुतोय, रात्री वही झाकून खोडतोय. हात उचलल्यावर भीती दुप्पट होते आणि ती घालवायला तो दुप्पट धुतो, म्हणजे मारानं आजार वाढतो. राग तुम्हाला येणारच, पाच आठवडे पोरगं घरी बसलंय. पण त्याला डॉक्टरांकडे नेताना गाडी तुम्ही चालवा. बाप सोबत आला हे मुलगा विसरत नाही.

सासूबाईंशी दृष्टीवरून वाद घालू नका. मीठमोहरी ओवाळण्यात त्यांची माया आहे, राहू द्या. पण ‘एकाकडे’ पुन्हा नेऊ नका. बाधा उतरवण्याच्या नावाखाली कुणी पोराला मारलं, कोंडलं, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि त्याहीपेक्षा, ‘तुझ्यात काहीतरी शिरलंय’ हे वाक्य मंत्रचळाच्या मुलाला ऐकवणं फार क्रूर आहे. त्याला आधीच तसंच वाटत असतं.

तुमच्या नोकरीचं राहिलं. नोकरीमुळे मंत्रचळ होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, मेंदूतल्या काही जोडण्यांचा असतो, मुळातल्या हळव्या, काळजीखोर स्वभावाचा असतो. घरात कुणी रात्री तीनदा उठून कुलूप बघणारं आहे का, आठवून पाहा. डॉक्टरांना ते सांगायला उपयोगी पडेल. तुम्ही दुपारी घरी असता तरी हे आलं असतं, फक्त तुम्ही दिवसभर उत्तरं देत बसला असता.

एक गोष्ट मात्र आजच करा. त्याला सरळ विचारा, ‘कधी जगू नये असं वाटतं का रे?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला, किंवा स्वतःला इजा केलेली दिसली, किंवा खाणंपिणंच सोडलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मेडिकलच्या कॅज्युअल्टीत न्या. औषधांचा डबा, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात ठेवा.

आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत घ्या, नवी नको, तीच. त्याला आधी विचारा, ‘हे पान दाखवू का?’ नाही म्हणाला तर तुम्ही दाखवू नका, त्याच्या हातात द्या. बरीच मुलं पहिल्या भेटीत तोंड उघडत नाहीत, पण कुणी त्या भोकावर बोट ठेवून ‘इथे किती वेळ लागला होता?’ असं विचारलं की सांगतात.